कृष्णेच्या डाव्या काठानं

पुण्याहून मिरजेकडं जाणाऱ्या गाडीत वाठार सुटलं की कृष्णा उजव्या हाताला राहते. ती दर वेळी दिसतेच असं नाही. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर अशी स्टेशनं मागं पडत जातात, उसाचा हिरवा पट्टा दाट होत जातो आणि त्या पट्ट्यापलीकडं नदी आहे एवढं कळत राहतं. ताकारी गेलं, भिलवडी गेलं, नांद्र्याच्या अलीकडं येरळेवरचा पूल खडखडला, सांगली आली, मिरज आलं. एवढ्या प्रवासात गाडीनं कृष्णा एकदाही ओलांडलेली नसते. पूल लागतो तो मिरजेच्या पुढं, कोल्हापूरच्या वाटेवर किंवा बेळगावच्या वाटेवर.

उलट सातारा शहर नदीच्या पलीकडं आहे. कराड कृष्णा-कोयनेच्या संगमावर, पण तेही पलीकडच्याच काठाला. वाळवा, शिराळा सगळं पलीकडं. पुणे-बंगळूर महामार्गही त्याच काठानं गेला. राजधानीची गावं, बाजारपेठा, तालुक्याच्या कचेऱ्या एका बाजूला आणि रेल्वे दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी एकशे तीसहून अधिक वर्षांपूर्वी झाली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत रेल्वेनं काय घडवलं आणि काय घडवलं नाही, ते या वाटणीपासूनच समजून घ्यायला लागतं.

हा मार्ग जन्माला आला तो दुष्काळातून. १८७६ ते ७८ या काळात दख्खनवर जो दुष्काळ पडला, त्यात माण, खटाव, खानापूर, जत हा सगळा पूर्वेकडचा टापू होरपळला. माणसं मेली, त्याहून जास्त जनावरं मेली. धान्य देशात दुसरीकडं होतं, पण बैलगाडीनं ते इथवर आणायचं तर बैलालाच वैरण नव्हती. १८८०च्या दुष्काळ आयोगानं म्हणूनच सांगितलं की जिथं रेल्वे नाही तिथं ती न्या, नफ्याची वाट बघत बसू नका. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली ती याच धोरणातून. पुण्यापासून मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंतचा तिचा मार्ग १८८०चं दशक संपता संपता पूर्ण होत आला.

दुष्काळी कामाची रेल्वे म्हटल्यावर ती स्वस्तातच होणार. पुण्यापर्यंत आलेली जीआयपी रेल्वे ब्रॉडगेज होती. रुळांतलं अंतर १,६७६ मिलिमीटर. ही मात्र मीटरगेज, बरोबर एक हजार मिलिमीटर. इंजिन हलकं, डबे हलके, वळणं घट्ट. शिंदवण्याचा घाट चढून ती जेजुरीला आली, नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरली आणि लोणंद, सालपे करत आदर्कीचा चढ चढून वाठारला पोचली. तिथून वसना नदीच्या खोऱ्यातून कोरेगावला उतरली. साताऱ्याला जायचं म्हणजे कृष्णा ओलांडायची आणि परत अलीकडं यायचं. पावसाळ्यात कृष्णा कशी भरते हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोन मोठे पूल वाचवून रेल्वे सरळ खाली गेली, यात अभियंत्यांची चूक कुणी काढू नये. त्यांना सांगितलेलं काम धान्य वाहायचं होतं. शहरं जोडायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तरी साताऱ्याची माणसं त्या गाडीत बसायला निघालीच. त्यांचं स्टेशन कोरेगाव तालुक्यात पाडळीला झालं आणि त्याला नाव दिलं सातारा रोड. गाव सोडून काही कोस टांगा किंवा बैलगाडी करायची, तेव्हा आगगाडी दिसायची. महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे साहेबलोक आणि धनिक वाठारला उतरत आणि तिथून वाईमार्गे घाट चढत. त्या काळच्या प्रवासी पुस्तकांत वाठारचं महत्त्व साताऱ्याहून मोठं दिसतं, ते यामुळंच. हंगामात वाठारच्या स्टेशनाबाहेर टांगे, डाक बंगला, मुक्कामाची धांदल असायची. आज त्या स्टेशनावरून जाताना यातलं काही ओळखू येत नाही.

त्याच दशकात, १८८५च्या मार्चमध्ये, जपानात तोक्योच्या पश्चिमेला शिनागावा ते आकाबाने असा एक मार्ग सुरू झाला. खासगी कंपनीनं बांधलेला, कच्चं रेशीम आणि माल योकोहामाच्या बंदराकडं न्यायला. तोही गावाबाहेरून, शेतांमधून गेला होता. त्यावरचं शिंजुकू स्टेशन म्हणजे तेव्हा शहराच्या वेशीबाहेरची जागा. आज तोच मार्ग यामानोते या नावाच्या साडेचौतीस किलोमीटरच्या वर्तुळाचा भाग आहे. त्यावर तीस स्टेशनं आहेत, गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांना गाडी आहे आणि शिंजुकू जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन समजलं जातं. आरंभ दोघांचा सारखाच होता: माल वाहायचा, आणि शहर टाळून जायचं. म्हणून ही तुलना मला उगाच ओढून आणलेली वाटत नाही. पुढं दोन वाटा कुठं फुटल्या ते बघायला ती उपयोगी पडते.

आपल्या वाटेवर पहिली मोठी घटना घडली ती १९१०च्या मार्चमध्ये, कुंडल रोड नावाच्या एका आडवाटेच्या स्टेशनावर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा आणि कडबा कापायच्या यंत्रांचा कारखाना बेळगावला होता. तिथली जागा सोडायची वेळ त्यांच्यावर आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जागा देऊ केली. औंध हे एकसंध राज्य नव्हतं, त्याची गावं तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेली होती. त्यातल्या कुंडलजवळ रेल्वेलगत बत्तीस एकरांचा एक माळ होता. निवडुंग माजलेला, सापा-विंचवांचा, पाण्याची वाण असलेला. शेतकऱ्यानं फुकट दिला तरी घेतला नसता असा. लक्ष्मणरावांनी तो घेतला, कारण शेजारून रूळ जात होते. नांगर ओतायला लागणारं बीड आणि कोळसा त्या रुळांवरून येणार होता आणि तयार नांगर त्याच रुळांवरून खानदेशापासून कर्नाटकापर्यंत जाणार होते.

बेळगावहून यंत्रं, माणसं, बायका-मुलं गाडीनं आली आणि त्या माळावर उतरली. आधी पत्र्याच्या शेड, मग घरं, मग विहीर, शाळा, बाग, रस्ते. रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी या शिक्षा भोगून आलेल्या माणसाला नेमलं, आणि त्यानं ती राखण इमानानं केली. काही वर्षांत वस्ती एवढी रुजली की स्टेशनाचंच नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. रेल्वेनं गावाला नाव द्यावं हे नेहमीचं. इथं गावानं रेल्वेला नाव दिलं.

या वाडीनं यंत्रांखेरीज आणखी एक माल गाडीत चढवला, त्याबद्दल मराठी वाचकानं कृतज्ञ राहायला हवं. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० साली ‘स्त्री’ आली, १९३४ साली ‘मनोहर’. पुण्या-मुंबईत बसलेल्या संपादकांना जमलं नाही ते एका माळावरच्या छापखान्यानं करून दाखवलं. विधवाविवाह, संततिनियमन, बुवाबाजी, बायकांचं शिक्षण, उद्योगधंदा या विषयांवर महाराष्ट्रात घराघरांत वाद पेटले ते या तीन मासिकांनी. त्यांचे गठ्ठे बांधून, शिक्के मारून ज्या फलाटावर ठेवले जात तो हाच. लेखकांची हस्तलिखितं यायची तीही याच वाटेनं. टपालाची गाडी चुकली असती तर अंक चुकला असता. मराठी वैचारिक जीवनाचा एक काळ मीटरगेजच्या वेळापत्रकावर चालला, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणतो.

किर्लोस्करवाडी एकटी राहिली नाही. १९१६ साली कराड स्टेशनाजवळ ओगले बंधूंनी काचेचा कारखाना घातला आणि ओगलेवाडी वसली. काचेला वाळू लागते, सोडा लागतो आणि भट्टीला अखंड कोळसा लागतो. हे सगळं बैलगाडीनं कराड गावात नेण्यापेक्षा कारखानाच स्टेशनाशी आणणं सोपं. तिथला ‘प्रभाकर’ कंदील वीज येण्याआधीच्या मराठी घरांत ओट्यावर, गोठ्यात, भजनात, अभ्यासाच्या पाटीशेजारी जळत होता. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. तिथं नांगर झाले, पुढं तेलावर चालणारी इंजिनं झाली. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान म्हणून काही महिने सत्तेवर होते. आणि १९३९ साली भास्कर गणेश चितळे साताऱ्याकडचं गाव सोडून भिलवडी स्टेशनाजवळ आले. त्यांना दूध हवं होतं, आणि ते नासायच्या आत पुण्या-मुंबईला पोचवणारी गाडी हवी होती. कृष्णाकाठच्या गवळ्या-शेतकऱ्यांकडं दूध होतं. गाडी स्टेशनात थांबत होती. चितळ्यांच्या आजच्या पसाऱ्याचं मूळ या दोन गोष्टींच्या भेटीत आहे.

या साखळीतून एक माणूस ये-जा करत होता, त्याचं नाव भाऊराव पाटील. किर्लोस्करांचे नांगर विकायला, ओगल्यांचे कंदील विकायला ते गावोगाव फिरले. कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, आणि पुढं तिथून ते बाहेरही पडले. नांगर विकता विकता त्यांना जे दिसलं, म्हणजे कर्त्या शेतकऱ्याच्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नसणं, त्यातून १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. रयतचा इतिहास लिहिताना रेल्वेचं नाव सहसा येत नाही. माझ्या मते यायला हवं. फिरतीच्या विक्रेत्याचा धंदा हा रेल्वेनं दिलेला धंदा होता, आणि त्या फिरतीवाचून भाऊरावांना महाराष्ट्र इतका जवळून दिसला नसता.

आता पुन्हा जपान. ज्या महिन्यात लक्ष्मणराव कुंडलच्या माळावर उतरले, त्याच १९१०च्या मार्चमध्ये ओसाकाजवळ कोबायाशी इचिझो या पूर्वीच्या बँक नोकरदाराची छोटी विजेची रेल्वे सुरू झाली. तीही अशाच ओसाड भागातून जाणारी. प्रवासी कुठून येणार, असा प्रश्न सगळे विचारत होते. कोबायाशींनी स्टेशनाजवळच्या जमिनी घेतल्या, त्यावर घरं बांधली आणि ती पगारदार माणसांना हप्त्यानं विकली. मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, मुलींचं संगीत नाटक मंडळ काढलं. त्याचे प्रयोग १९१४ पासून आजतागायत चालू आहेत. शहराकडच्या टोकाला, उमेदा स्टेशनात, १९२९ साली मोठं दुकान घातलं. सकाळी माणसं कामाला शहरात, रविवारी नाटकाला उलट दिशेला, खरेदी स्टेशनातच. गाड्या दोन्हीकडून भरलेल्या. जपानातल्या खासगी उपनगरी रेल्वेचा सगळा धंदा पुढं याच धड्यावर उभा राहिला.

दोन्हीकडं माळावर वस्ती झाली, पण ती कुणी केली हे बघायला हवं. तिथं रेल्वेवाल्यानं वस्ती केली, माणसं गाडीत बसावीत म्हणून. इथं कारखानदारांनी केली, माल गाडीत चढावा म्हणून. मद्रासहून कारभार करणाऱ्या कंपनीनं किर्लोस्करवाडीसाठी वा ओगलेवाडीसाठी डोकं चालवलं नाही. लक्ष्मणराव, ओगले, कूपर, चितळे यांचं कर्तृत्व म्हणूनच मला कोबायाशींपेक्षा काकणभर जास्त वाटतं. त्यांच्या हातात रूळ नव्हते. पण त्याचा एक तोटा झाला. आपल्या वाड्या मालावर उभ्या होत्या. पुढं माल ट्रकवर गेला तेव्हा गाडीला धरून ठेवणारं फारसं काही उरलं नाही.

संस्थानिकांना मात्र रेल्वेचं मोल लवकर कळलं होतं. मिरज ते कोल्हापूर हा मार्ग कोल्हापूर दरबारनं स्वतःच्या पैशानं बांधला. १८८८ साली त्याच्या कामाचा आरंभ कोवळ्या वयाच्या शाहू महाराजांच्या हस्ते झाला आणि १८९१ साली गाडी कोल्हापूरला पोचली. सांगली संस्थाननं १९०७ साली मिरज ते सांगली हा जेमतेम पाच मैलांचा स्वतःचा फाटा घातला, कारण मुख्य मार्ग सांगलीलाही बगल देऊन गेला होता. हळदीच्या आणि गुळाच्या पेठेला रेल्वे नाही ही सांगलीकरांना सोसणारी गोष्ट नव्हती. पुढं १९२७ साली पूर्वेकडून बार्शी लाईट रेल्वे मिरजेला भिडली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ साली बार्शी आणि बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीच्या दरम्यान सुरू केलेली ही अडीच फुटी गाडी. पंढरपूर, सांगोला, जत रोड, कवठेमहांकाळ करत ती डुलत डुलत यायची. आषाढीला तिच्या टपावरही वारकरी असायचे.

अशा तऱ्हेनं मिरज जंक्शन झालं. आणि जंक्शन झाल्यानं मिरजेचं जे झालं ते या दोन जिल्ह्यांतल्या दुसऱ्या कुठल्या गावाचं झालं नाही. विल्यम वान्लेस या मिशनरी शल्यविशारदानं १८९४ साली मिरजेत दवाखाना सुरू केला. रोगी कर्नाटकातून, कोकणातून, मराठवाड्यातून आले. ते आले गाडीनं, कारण तीन दिशांनी गाड्या येत होत्या. मिरज आजही दवाखान्यांचं गाव आहे. सतारी आणि तंबोरे इथूनच देशभर गेले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, आणि १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनाच्या फलाटावर त्यांनी देह ठेवला. त्यांना परत आणलं ते मिरजेलाच. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसात तिथं गवई हजेरी लावतात.

हीच रेल्वे इंग्रजी सत्तेचीही वाहिनी होती, आणि बेचाळीसनंतर साताऱ्याच्या पोरांनी ते नेमकं ओळखलं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार ज्या टापूत चाललं, त्याच्या मधोमध हे रूळ होते. ७ जून १९४३ रोजी कराडच्या पुढं शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या तरुणांनी रुळांवर दगड रचून सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली. गाडी मागंही पळू नये म्हणून मागच्या बाजूलाही दगड टाकले. हातात कोयते, काठ्या, थोडे गावठी बाँब. जी. डी. बापू लाड आणि ज्यांना सगळे कॅप्टन भाऊ म्हणत ते रामचंद्र लाड, हे दोघे यात पुढं होते. दोघेही कुंडलचे. म्हणजे ज्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव उतरले, त्याच गावची ही पोरं. हा केवळ योगायोग नव्हता. औंध संस्थानच्या हद्दीत ब्रिटिश पोलिसांना मोकळेपणानं फिरता येत नव्हतं, आणि बाळासाहेबांनी १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन ठेवली होती. कारखान्याला आसरा देणाऱ्या राजवटीनं बंडालाही सावली दिली. कॅप्टन भाऊ शंभरीच्या उंबरठ्यापर्यंत जगले. गाडीतून नेलेल्या त्या पैशाला लूट म्हटलेलं त्यांना शेवटपर्यंत खपत नसे.

स्वातंत्र्यानंतर या मार्गाबद्दल जी चर्चा झाली, ती जवळजवळ एकाच गोष्टीची: गेज. आणि ते रास्तही होतं. मुंबईहून आलेला माल पुण्याला ब्रॉडगेजमधून उतरवायचा आणि मीटरगेजमध्ये चढवायचा. हमाली वेगळी, खोळंबा वेगळा, फुटतूट वेगळी. कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद, लोणंदचा कांदा सगळ्यांना हा दंड बसायचा. माणसांनाही तेच. रात्री-अपरात्री पुण्याला ट्रंका-वळकट्या उचलून गाडी बदलायची. शेवटी १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, मुंबईहून थेट महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरला आली, आणि अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या मुंबईकराला पुण्याला उतरायची गरज उरली नाही. लोकांनी गाडीला हार घातले. तो आनंद खरा होता.

त्याच वेळी मार्गही काही ठिकाणी सरकला. साताऱ्याजवळ तो पश्चिमेला वळवून माहुलीला, कृष्णेच्या अगदी अलीकडं आणला. शहर जवळ आलं, पण नदी तरीही मध्येच राहिली. पाडळीची गाडी गेली. तिथल्या वस्तीला अजून सातारा रोडच म्हणतात. सांगलीचा फाटा जाऊन मुख्य मार्गच सांगलीवरून नेला, नवं स्टेशन गावाबाहेर झालं, आणि जुन्या जागेवर उरला तो स्टेशन चौक. सांगलीतल्या मोठ्या सभा तिथं होतात. मिरजेत मात्र पुढची काही वर्षं ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या एकाच आवारात उभ्या असायच्या. मुलांना आगगाडी दाखवायला मिरजेला न्यायचे ते उगाच नाही.

पण गेजच्या या ध्यासात एक गोष्ट नजरेआड झाली असं मला वाटतं. जपाननं आरंभापासून जे गेज धरलं ते १,०६७ मिलिमीटरचं. आपल्या मीटरगेजहून चार बोटंसुद्धा जास्त नाही. यामानोते आजही त्याच रुंदीच्या रुळांवर चालते. प्रचंड गर्दी ती त्या अरुंद रुळांवरून रोज वाहते. वेगाच्या शिंकानसेनसाठी त्यांनी १९६४ साली रुंद रूळ घातले, पण रोजच्या माणसासाठी रुंदीच्या मागं लागले नाहीत. त्याऐवजी दुसरा रूळ टाकला, १९०९ साली वीज आणली, गाड्या वाढवल्या. आम्ही रूळ रुंद केला आणि तो एकच ठेवला. एकेरी मार्गावर कोयना एक्सप्रेस यायची म्हणून पॅसेंजर मसूरला उभी, मालगाडी जायची म्हणून ताकारीला उभी. कराडच्या कॉलेजात जाणारं पोर, किर्लोस्करवाडीला पाळीवर जाणारा कामगार, मिरजेच्या दवाखान्यात तारखेला निघालेली म्हातारी, या कुणालाच अशा गाडीच्या भरवशावर राहता येत नाही. त्यांनी एसटी धरली, मग वडाप धरलं. वडापवाला फलाट बघत नाही, तो दारात येतो.

कारभारही लांब राहिला. १९०८ साली सदर्न मराठाचं मद्रास रेल्वेशी विलीनीकरण झालं. १९४४ साली ती सरकारकडं गेली, १९५१ साली दक्षिण रेल्वेत, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेत. सातारा-सांगलीच्या पॅसेंजरची वेळ मद्रास, हुबळी, सिकंदराबाद अशा ठिकाणी ठरत राहिली. मध्य रेल्वेच्या पुणे विभागात हा मार्ग आला तो थेट २००३ साली.

पुढं, एप्रिल २०१६ मध्ये या रेल्वेला तिचं पहिलं काम परत करावं लागलं. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेच्या रेल्वे आवारात टँकरचे डबे भरून पहिली गाडी निघाली, दहा डबे, पाच लाख लिटर पाणी. पुढच्या खेपा पन्नास डब्यांच्या झाल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. गाडी गेली पंढरपूर, कुर्डुवाडीवरून, म्हणजे कॅलथ्रॉपच्या जुन्या अरुंद वाटेनंच. ती आता ब्रॉडगेज झाली होती म्हणून एवढं वजन पेललं. पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं. १८८० साली धान्यासाठी जे लिहिलं गेलं होतं ते पाण्यासाठी करावं लागलं, आणि मिरजेच्या रेल्वे कामगारांनी उन्हात रात्रंदिवस राबून ते केलं. त्या आठवड्यांतली त्यांची मेहनत या मार्गाच्या इतिहासात ठळकपणे लिहिली पाहिजे.

दुसरा रूळ मंजूर झाला तोही याच सुमारास. पुणे ते मिरज सुमारे दोनशे ऐंशी किलोमीटर दुहेरी करायचं काम टप्प्याटप्प्यानं चाललं, डोक्यावर विजेच्या तारा आल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली आणि तिला सातारा, कराड, सांगली, मिरज यांच्या बरोबरीनं किर्लोस्करवाडीचाही थांबा मिळाला. लक्ष्मणरावांच्या माळावर देशातली इतकी नवी गाडी उभी राहते, याचं मला मनापासून समाधान आहे. पण वंदे भारत पुण्याला पोचायच्या घाईत असते. मसूरच्या, नांद्र्याच्या, आमणापूरच्या माणसासाठी ती नाही.

त्या माणसासाठी काय करता येईल, हे आता फार अवघड राहिलेलं नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ पासून एकच महापालिका आहे. सांगली स्टेशन ते मिरज जंक्शन हे अंतर सात-आठ किलोमीटरचं, मध्ये विश्रामबागचा थांबा. या पट्ट्यात कॉलेजं, दवाखाने, कारखाने आहेत आणि एकच भरून वाहणारा रस्ता आहे. कराडपासून मिरजेपर्यंत शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी कामाची ठिकाणं ओळीनं आहेत. सकाळी सातच्या पाळीला पोचवणारी, दहाच्या कॉलेजला पोचवणारी आणि संध्याकाळी परत आणणारी विजेवरची छोटी गाडी दोन रुळांवर तासाला एक सोडता येते. तिच्या वेळेला धरून कराड स्टेशनापासून गावात आणि माहुलीपासून साताऱ्यात एसटी निघायला हवी, नाहीतर नदी मध्ये राहिली ती राहिलीच. पासाचा दर ठरवायला लागेल, ओगलेवाडीच्या फलाटाबाहेर बस वळायला जागा करावी लागेल, आणि वेळापत्रक छापताना मालगाडीच्या आधी पॅसेंजरचा रकाना भरावा लागेल.